पाळणाघर

आईवडील कामावर असताना लहान मुलांना दिवसभर सांभाळण्याची जागा. साधारण सहा महिन्यांच्या तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंतची मुले इथे असतात. शहरांत शाळा सुटल्यावर येणारी पहिली-दुसरीतली मुलेही असतात. बालवाडीत शिकवणे मुख्य आणि वेळ दोन-तीन तासांची. पाळणाघरात भरवणे, झोपवणे, शी-शू काढणे हेच मुख्य आणि वेळ आईच्या नोकरीची. हा फरक योजना आखणाऱ्यांच्याही ध्यानातून सुटतो. दुपारी कुलूप लागणारी अंगणवाडी निंदणी-खुरपणीला गेलेल्या बाईला अर्ध्याच दिवसाला पुरते.

पहिले आधुनिक पाळणाघर फिरमँ मार्बो यांनी १८४४ साली पॅरिसमध्ये कष्टकरी आयांसाठी काढले. मुंबईत हा प्रश्न उभा राहिला तो गिरणगावात. १९२०च्या दशकात गिरण्यांमधल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे, बहुतेक वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत. दहा तास पाळीवर जायचे तर चाळीतल्या खोलीत ठेवलेले मूल झोपून राहायला हवे. त्यासाठी अफू घातलेल्या बाळगोळ्या देत. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या सरकारने नेमलेल्या महिला डॉक्टरांनी कामगार आयांची पाहणी केली तेव्हा ही चाल सर्रास आढळली. त्या आयांना निष्काळजी म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. मूल कुणाकडे ठेवायचे याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले प्रसूतिभत्त्याचे विधेयक फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात तशाच विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, तेव्हा खर्चाचा भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि तिच्या कामाचा नफा घेणाऱ्या मालकानेही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. रजेचा प्रश्न असा निदान कागदावर सुटला. रजा संपल्यानंतरचे काय, याला १९३४ च्या कारखाना कायद्याने हात घातला. पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार त्यात प्रांतिक सरकारांना मिळाला. १९४८ च्या कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासची अट तीसवर आली. यातली पळवाट कुणालाही दिसेल. बायकांची संख्या तीसच्या आत ठेवली की खोली बांधायला नको.

प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. इथे प्रथमच पुरुषही मोजले गेले. मूल कामगार बाईचे नसून कामगाराचे आहे, एवढे मान्य झाले म्हणायचे. पण त्याच कलमात दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा आहे ती ‘स्त्री’ला, बापाने डोकावून यावे असे कायद्याला वाटलेले नाही.

महाराष्ट्रात बसस्थानकांवर आणि कार्यालयांत स्तनपानासाठी जे कक्ष झाले त्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. दूध घालायला रायगडावर आलेल्या गवळणीला सांजावल्यावर दरवाजे बंद झालेले दिसले आणि घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली, ही आख्यायिका सर्वांना पाठ आहे. तिच्या धाडसाचे पोवाडे झाले, बुरुजाला तिचे नाव लागले. दिवसभर बाळ कुणापाशी होते, हे मात्र गोष्ट सांगणारे सहसा सांगत नाहीत.

मध्यमवर्गीय मराठी घरांना ठाऊक असलेले पाळणाघर कायद्यातले नव्हे. ते ‘काकूंचं’ असते. सोसायटीतल्या तळमजल्यावरचा फ्लॅट, दारात चिमुकल्या चपला, दिवाणाखाली खेळण्यांची टोपली. सकाळी आठच्या सुमारास पिशवी येते. तिच्यात नाव घातलेली बाटली, मऊ भाताचा डबा, बदलायचे दोन कपडे आणि सवयीचा दुपट्याचा तुकडा, ज्याच्यावाचून बाळ झोपत नाही. संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरलेली. लोकल रखडली की पावणेसातला आईच्या फोनवर फोन, आणि फलाटावरच्या गर्दीत ‘काकू, आलेच’ म्हणणारी बाई हे मुंबईतले रोजचे दृश्य आहे. बाबाच्या फोनवर हा फोन क्वचित जातो. काकू स्वतःही बहुधा घर सोडून नोकरीला जाता न आलेली बाई असते. एकीचे काम दुसरीच्या पदरात पडते, पैसा तेवढा मधून फिरतो, आणि तोही थोडाच.

खरी परीक्षा तापाच्या दिवशी. ताप असलेले मूल पाळणाघरात घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात दोन मोबाइलवर दोन कॅलेंडरे उघडतात. कुणाची मीटिंग हलू शकते? बहुतेक घरांत तिची हलते. वर्षाअखेरीस साहेब ‘रजा फार झाल्या’ म्हणतात तेही तिलाच. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी १४० मिनिटे वेळ त्यात जात होता आणि पुरुषांचा ७४. स्वयंपाक-धुणीभांडी यांत धरलेली नाहीत.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली. त्यानंतर ‘कॅमेरा आहे का?’ हा आईबापांचा पहिला प्रश्न झाला. किती मुलांमागे किती मावश्या, हा खरे तर अधिक कामाचा प्रश्न मागे राहिला. केंद्र सरकारने २०१८ मध्ये किमान निकष प्रसिद्ध केले. काकूंच्या फ्लॅटपर्यंत ते फारसे पोचलेले नाहीत.

पाळणाघर नको असेल तर आजी. गावचे घर आजोबांवर सोडून पुण्या-मुंबईला नातवंड सांभाळायला राहिलेल्या आज्या पुष्कळ. आजोबा शेजारणीकडून डबा घेतात आणि रात्री व्हिडिओ कॉलवर गोळ्या घेतल्या का ते विचारून घेतात. मूल अमेरिकेत असेल तर एक सहामाही मुलीची आई, पुढची सहामाही सासूबाई, अशी व्हिसाच्या मुदतीने पाळी लागते. या आज्यांची वये, गुडघे, मैत्रिणी यांचा हिशोब या व्यवस्थेत कुणी मांडत नाही.

गावाकडे आजीही कामावर असते. तिथले पाळणाघर म्हणजे थोरली बहीण. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच दिसले. मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर भावंड असे. त्यांच्या ‘विकासवाडी’त म्हणूनच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली गेली. ताई वर्गात बसली, धाकटे शेजारच्या झोळीत. बाईच्या रोजगारासाठी म्हणून मागितले जाणारे पाळणाघर मुलीच्या शिक्षणाची सोयही असते, हे इतके स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दाखवले गेले आहे.

बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघतात तेव्हा नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचलही त्या जोडीच्या नावावर असते. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा. तेव्हा तान्हे फडात येते, बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधतात, आणि झोका द्यायला आठ-नऊ वर्षांची मुलगी लागते. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा मोठ्या मुलांसाठी निघाल्या. झोळीतल्या मुलासाठी फडाजवळ सोय क्वचितच दिसते. बांधकामांवर थोडे बरे चित्र आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या मोबाइल क्रेशेसचे काम पुढे मुंबई-पुण्याच्या साइटवरही आले. इमारत पुरी झाली की पाळणाघर मजुरांमागोमाग दुसरीकडे जाते, म्हणून ‘मोबाइल’.

सरकारी पाळणाघरांची योजना २००६ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आली आणि २०२२ पासून ‘पालना’ या नावाने अंगणवाडीला जोडली गेली. रोजगार हमीच्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात मात्र निराळी तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर मजूर बायांपैकी एकीला ती सांभाळायला नेमायचे आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची.