बेटावर साहेब इन्स्पेक्टर कुठून आला?

१७ मार्च २००७ हा दिवस आपल्याकडील क्रिकेटरसिकांना आठवतो तो पोर्ट ऑफ स्पेनमधील पराभवामुळे. विश्वचषकातील पहिल्याच सामन्यात बांगलादेशाने भारताला हरवले होते. त्याच दिवशी जमैकातील किंग्स्टन शहरी आयर्लंडने पाकिस्तानला स्पर्धेबाहेर घालवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर हॉटेलच्या खोलीत निपचित पडलेले आढळले. वूल्मर इंग्लंडकडून खेळलेले, जन्माने मात्र कानपूरचे. चार दिवसांनी जमैकाच्या पोलिसांनी जाहीर केले की त्यांचा गळा दाबून खून झाला आहे. तपासाची सूत्रे ज्यांच्याकडे होती ते उपायुक्त मार्क शील्ड्स स्कॉटलंड यार्डमधून जमैकाच्या पोलीस दलात आलेले इंग्रज अधिकारी होते.

या बातम्या वाचताना रॉबर्ट थोरोगुड या इंग्रज लेखकाला एक कल्पना सुचली: इंग्लंडचा पोलीस अधिकारी कॅरिबियन बेटावर खुनाचा तपास करतो आहे. त्या कल्पनेतून निघालेली ‘डेथ इन पॅरडाइज’ ही मालिका बीबीसीवर ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. सेंट मेरी नावाचे काल्पनिक बेट, निळा समुद्र, छोटेसे पोलीस ठाणे, तीन-चार स्थानिक कर्मचारी, आणि त्यांच्यावर लंडनहून धाडलेला इन्स्पेक्टर. पहिला इन्स्पेक्टर रिचर्ड पूल त्या उकाड्यातही लोकरी सूट उतरवीत नाही, चांगल्या चहासाठी झुरतो, आणि शेवटी सर्व संशयितांना एकत्र बसवून खुनी कोण ते सांगतो.

मालिका मजेदार आहे आणि तिच्यात हसे होते ते बहुधा साहेबाचेच, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. माझा प्रश्न निराळा आहे. बेटावरचे शिपाई बेटावरचे आणि त्यांचा साहेब समुद्रापलीकडचा, ही मांडणी प्रेक्षकाला इतकी स्वाभाविक का वाटते? याचे उत्तर मनोरंजनाच्या इतिहासात शोधून सापडत नाही. त्यासाठी जमैकाच्याच १८६५ सालाकडे जावे लागते.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्ये संपली. जमैकातील गुलामांना पूर्ण मुक्ती मिळायला १८३८ उजाडले. मुक्ती मिळाली, पण जमीन मिळाली नाही. मजुरी तुटपुंजी होती, मताधिकार मूठभरांपुरता होता, आणि न्यायासनावर बसणारे बहुधा मळेवाले किंवा त्यांचे सोयरेधायरे असत. ऑक्टोबर १८६५ मध्ये पॉल बोगल या बाप्तिस्ट धर्मसेवकाला पकडायला गेलेल्या शिपायांना गावकऱ्यांनी हुसकून लावले. ११ ऑक्टोबरला बोगल शेकडो लोकांना घेऊन मोरांट बे येथील न्यायकचेरीवर चालून गेला. तेथील स्वयंसेवक सैनिकांनी गोळीबार केला, जमावाने कचेरी पेटवली आणि त्या दिवशी अधिकारी व सैनिक मिळून अठरा जण मारले गेले.

गव्हर्नर एडवर्ड आयरने लष्करी कायदा पुकारला. पुढील काही आठवड्यांत चारशेहून अधिक कृष्णवर्णीय मारले गेले, सुमारे सहाशे जणांना फटके मारण्यात आले, हजारभर घरे जाळली गेली. बोगलला फाशी झाली. विधिमंडळाचा सभासद जॉर्ज विल्यम गॉर्डन हा तर मोरांट बे येथे हजरही नव्हता. त्याला किंग्स्टनहून, जेथे लष्करी कायदा लागू नव्हता तेथून, मुद्दाम त्या हद्दीत नेले आणि फाशी दिले. आयरवर खटला भरावा म्हणून जॉन स्टुअर्ट मिल झटला, त्याच्या बचावाला थॉमस कार्लाइल उभा राहिला. आयरला शिक्षा झाली नाही.

बेटावरचे जुने विधिमंडळ विसर्जित झाले, कारभार थेट लंडनकडे गेला आणि १८६६ मध्ये नवा गव्हर्नर आला. त्याचे नाव सर जॉन पीटर ग्रँट. निळीच्या उठावाचा इतिहास वाचलेल्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. १८६० मध्ये बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून तो नदीतून प्रवास करीत असता दोन्ही तीरांवर रयत गाऱ्हाणी घेऊन लोटली होती, आणि निळीच्या चौकशीसाठी आयोग नेमणाराही तोच. एका वसाहतीतील असंतोष पाहिलेला अधिकारी दुसऱ्या वसाहतीची घडी बसवायला पाठवणे, ही साम्राज्याची जुनी रीत.

ग्रँटच्या कारकीर्दीत, १८६७ मध्ये, जमैका कॉन्स्टेब्युलरी स्थापन झाली. तिच्यापुढे नमुना लंडनच्या पोलिसांचा नव्हता, आयर्लंडचा होता, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. लंडनमध्ये १८२९ मध्ये सुरू झालेला शिपाई साधारणपणे निःशस्त्र असे. नागरिकांच्या संमतीने काम करणारा अशी त्याची प्रतिमा जपली जाई. आयर्लंडचे दल मात्र हत्यारबंद, बराकीत राहणारे, कवायत करणारे होते आणि त्यात अधिकारी व शिपाई यांचे वर्ग अगदी वेगळे होते. जिंकलेल्या मुलखावर नजर ठेवण्यासाठी ते घडवले होते. जमैकात हाच साचा रंगभेदावर बसवला गेला. शिपाई कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी दीर्घकाळ गोरे, त्यातही पुष्कळसे थेट ब्रिटनहून आणलेले.

हा साचा आपल्याला परका नाही. सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये तेथे आयरिश धर्तीवरच पोलीस उभे केले. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क ती व्यवस्था पाहून प्रभावित झाला, आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट नेमण्याची पद्धत आली. आपल्या तालुक्याच्या गावची पोलीस लाईन आणि किंग्स्टनची पोलीस बराक ही या अर्थाने चुलत भावंडे ठरतात.

आता मालिकेकडे पुन्हा पाहा. तिचा इन्स्पेक्टर लंडनच्या शिपायासारखा सौम्य, विसरभोळा, निरुपद्रवी आहे. पण ज्या खुर्चीवर तो बसतो ती आयरिश साच्यातील आहे. लेखकांनाही हे उमगत गेले असावे, कारण २०२४ च्या नाताळात डॉन गिलेट या कृष्णवर्णीय अभिनेत्याने प्रथमच मुख्य इन्स्पेक्टरची भूमिका केली. तो इन्स्पेक्टरही लंडनहूनच येतो! आणखी एक गंमत म्हणजे कथेतले बेट ब्रिटिश अमलाखालचे असले तरी चित्रीकरण होते ग्वादलूपमधील देए या गावी, म्हणजे फ्रान्सच्या भूमीवर. कथेतील सेंट मेरीवर फ्रेंच व ब्रिटिश सत्ता आलटून पालटून आल्याचे सांगितले जाते, आणि ते मात्र अवास्तव नाही. शेजारचे सेंट लुशिया बेट चौदा वेळा या हातातून त्या हातात गेले. ज्या घटनांना इतिहासात तोफा लागल्या, त्या मालिकेत दोन भाषांतील थट्टामस्करीपुरत्या उरतात.

राहिले वूल्मर. परदेशी तज्ज्ञांनी शवविच्छेदनाचे निष्कर्ष पुन्हा तपासले आणि जून २००७ मध्ये जमैकाच्या पोलिसांनी स्वतःच जाहीर केले की खून झालाच नव्हता, मृत्यू नैसर्गिक होता. मूळ शवविच्छेदन करणारे सरकारी तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिले. त्यानंतर किंग्स्टनमध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली, काही आठवडे साक्षी झाल्या, आणि नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने खुनाचाही निर्णय दिला नाही, नैसर्गिक मृत्यूचाही नाही. मृत्यूचे कारण ठरवण्यास पुरावा अपुरा, एवढेच नोंदवून तिने प्रकरण खुले ठेवले.