३. डीएनएस कॅश
इथली ‘कॅश’ रोखीतली नव्हे, दोन्ही शब्द मराठीत सारखे लिहिले जातात, एवढेच. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावे कॅलिफोर्नियात सांभाळल्या जाणाऱ्या एकाच फाइलीत असत, आणि ज्याने त्याने ती उतरवून घ्यायची. एकदा मिळालेला पत्ता पुढच्या वेळेसाठी हाताशी ठेवणे म्हणजे कॅश.

ही टीप ज्या प्रकरणावर आहे, त्यात लेखकाचा सर्व्हर दर विनंतीला तेच नाव नव्याने विचारत होता, हे वाचकाला विचित्र वाटेल. पण तो सर्व्हर ज्यावर चालतो ते नोड.जेएस मिळालेली उत्तरे स्वतःहून साठवत नाही. लिनक्सवरची नेहमीची जीलिबसी लायब्ररीही नाही. त्यात नोडमध्ये ही चौकशी मुळात चारच थ्रेडांवर चालते. ते अडकले की फाइल वाचण्यासारखी कामेही मागे रांगेत उभी राहतात. लेखकाने नेटवर्कला दिलेला दोष त्यामुळे अर्धाच खरा.

पुढच्या परिच्छेदातील ‘टीटीएल’ ही उत्तराची सेकंदांतली मुदत. ती नावाचा मालक ठरवतो; ३०० म्हणजे पाच मिनिटे. मुदत न पाळणारी कॅश वेगवान खरी, पण पत्ता बदलला तरी जुन्याच दारावर थापा मारत बसते. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत सिक्युरिटी मॅनेजर चालू असल्यास मिळालेला पत्ता प्रोग्राम बंद होईपर्यंत तसाच राही. प्रकरणाच्या शेवटी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला जातो, तो अशाच मुदत न पाळणाऱ्या कॅशमुळे.