सरावात टॅकल नाही, शिट्टी नाही. तरीही ४८९ विजय! छोट्या कॉलेजचे मोठे कोच जॉन गलार्डी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त सामने जिंकून देणारे कोच कुठल्या बड्या विद्यापीठाचे नव्हते. मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल नावाच्या ठिकाणी ख्रिस्ती साधूंच्या मठाला लागून सेंट जॉन्स नावाचं छोटं कॉलेज आहे. तिथं जॉन गलार्डी यांनी सलग ६० हंगाम संघ सांभाळला. २०१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरी अशी नोंद होती. म्हणजे चारपैकी तीन सामने खिशात. हे जमलं कसं, त्याची ही माहिती.

हा फुटबॉल वेगळा

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तिथला फुटबॉल रग्बीच्या जवळचा. चेंडू अंड्याच्या आकाराचा, तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. मैदानात एका बाजूचे ११ खेळाडू असतात. चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण.

चेंडूवाल्याला धडक देऊन किंवा धरून खाली पाडणं म्हणजे टॅकल. कबड्डीतली पकडच, पण पळत येऊन आणि पूर्ण ताकदीनं. म्हणून डोक्याला हेल्मेट, खांद्याला पॅड. तरी दुखापती होतातच. गुडघे जातात, खांदे निखळतात, डोक्याला मार बसतो.

सोळाव्या वर्षी कोच

गलार्डी यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ चा, कोलोरॅडो राज्यातल्या ट्रिनिडाड गावचा. घराणं मूळचं इटलीतलं. १९४३ मध्ये दुसरं महायुद्ध चालू होतं. त्यांच्या शाळेच्या कोचला सैन्यात जावं लागलं आणि शाळेचा संघ बंद पडायची वेळ आली. तेव्हा संघात खेळणाऱ्या १६ वर्षांच्या जॉननंच जबाबदारी अंगावर घेतली.

कोच झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर खेळाडू म्हणून स्वतःला जे जे नकोसं वाटायचं ते काढून टाकलं. मैदानाला उगाच मारायच्या चकरा बंद. त्या काळी सरावात पोरांना पाणी पिऊ देत नसत; पाणी प्यायलं तर पोरगं कच्चं राहतं असा समज होता. जॉननं पाण्याची मोकळीक दिली. संघ जिंकू लागला.

पुढं कोलोरॅडो कॉलेजातून शिक्षण पूर्ण करून १९४९ मध्ये ते माँटाना राज्यातल्या हेलेना इथं कॅरोल कॉलेजचे हेड कोच झाले, म्हणजे मुख्य प्रशिक्षक. चार हंगामांत तिथं २४ सामने जिंकले. १९५३ मध्ये सेंट जॉन्सला आले ते कायमचेच.

काय काय नव्हतं?

गलार्डी यांची पद्धत सांगायची तर त्यांच्याकडं काय नव्हतं हेच आधी सांगावं लागतं.

• सरावात टॅकल नाही. धडक फक्त सामन्याच्या दिवशी.
• शिट्टी नाही, आरडाओरडा नाही.
• लोखंडी ढकलगाडे ढकलत बसणं नाही.
• सराव साधारण दीड तासाच्या वर नाही.
• 'कोच' किंवा 'सर' म्हणायचं नाही. पोरं त्यांना नुसतं 'जॉन' म्हणत.
• संघात यायचं म्हणणाऱ्याला हाकलणं नाही. त्यामुळं सरावाला दीडशेच्या वर पोरं असायची.

सरावाच्या सुरुवातीला कधी कधी पोरांनी गवतावर उताणं पडून आज दिवस किती छान आहे असं एकमेकांना सांगायचं, हाही एक 'व्यायाम' होता. बाहेरच्यांना हे चेष्टेचं वाटायचं. पण दीड तासाचा उरलेला वेळ कामाचा असे. त्याच त्या चाली पुन्हा पुन्हा करायच्या. समोरचा संघ कुठं उभा आहे, चेंडू कुठं जाणार, आपण कुठं पोचायचं, हे अंगात भिनेपर्यंत. हिशेब सरळ होता. मंगळवारी सरावात जायबंदी झालेला गडी शनिवारी सामन्यात कामाला येत नाही.

स्कॉलरशिप नाही, तरी विजेतेपद

अमेरिकेत कॉलेज खेळाचे स्तर असतात. सेंट जॉन्स तिसऱ्या स्तरावर, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतं. या स्तरावर खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही. मोठ्या विद्यापीठांना तगडे खेळाडू फी माफ करून आणता येतात, इथं ती सोय नाही. जी पोरं शिकायला येतात त्यांच्यातूनच संघ उभा करायचा.

अशा संघांनी १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. त्यातलं २००३ साल सगळ्यात मोठं. लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्बलिंग कॉलेजचे नामवंत कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम होता. ८ नोव्हेंबर २००३ रोजी बेथेल संघाला २९-२६ असं हरवून गलार्डी ४०९ वर पोचले. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात माउंट युनियन संघाशी गाठ पडली. तो संघ सलग ५५ सामने हरला नव्हता. सेंट जॉन्सनं २४-६ असा निकाल लावला. तेव्हा गलार्डी ७७ वर्षांचे होते.

२००६ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. तिसऱ्या स्तरावरच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला १९९३ पासून गलार्डी ट्रॉफी दिली जाते. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

उशिरा पटलेली गोष्ट

डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूचा कायमचा आजार जडू शकतो, हे गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेत मोठ्या चर्चेचं झालं. निवृत्त खेळाडूंना विसरभोळेपणा, चिडचिड, नैराश्य असे त्रास दिसू लागले. एकच मोठा धक्का नव्हे, तर बारीक बारीक धक्के साचत जाऊनही नुकसान होतं. आणि खेळाडूचे बरेचसे दिवस सामन्यात नाही, सरावातच जातात.

डार्टमाउथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावातले टॅकल बंद केले. खेळाडूनं खेळाडूला पाडायचं नाही, त्याऐवजी पुतळ्यांवर सराव. २०१५ मध्ये त्यांचा संघ आयव्ही लीगचा संयुक्त विजेता ठरला. २०१६ मध्ये हार्वर्ड, येल यांच्यासारखी नामांकित विद्यापीठं असलेल्या या लीगनं हंगाम चालू असताना सरावातली पूर्ण धडक बंद करायचं ठरवलं.

सेंट जॉन्समध्ये हे कित्येक दशकं आधीपासून चालू होतं. गलार्डी यांच्या हाताखालून गेलेली बहुतेक पोरं पुढं व्यावसायिक फुटबॉल खेळली नाहीत. कॉलेज संपलं, नोकरीधंद्याला लागली. त्यांना पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याच गुडघ्यांवर आणि त्याच डोक्यावर काढायची होती. सामने जिंकताना त्याची काळजी घेता येते, हे ४८९ विजयांनी दाखवून दिलं.