काळ्या मातीची चित्रशाळा

चित्रकलेचा तास म्हटला की फळ्यावरची कपबशी आणि वहीतली तिची नक्कल आठवते. या नकलेचे मूळ काय असावे, म्हणून मी मागे वळून पाहिले. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून कलाशाळा निघाली. कारागिरांच्या हाताला नेमके वळण लावणे, हा तिचा आरंभीचा हेतू. रेघ हुबेहूबच हवी, हा हट्ट तेथूनच लहानग्यांच्या शाळेत झिरपला, असे मला वाटते.

पुढे १८९७ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी मुलांना मनातले काढायची मोकळीक दिली. आपल्या शेजारी वर्ध्यास १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. हातांनी शिकण्याला तेथे मान मिळाला. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून सेवाग्रामच्या मुलांना कला शिकवू लागले.

पण आमच्या दर्यापूरकडे व्हिएन्नाची वाट कोणी पाहिली होती? पोळ्याला मुलांच्या हातून मातीचे बैल घडत, भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणत. दोन मुलांचे बैल कधी एकसारखे झाले नाहीत, आणि त्यासाठी कोणी गुणही कापले नाहीत!

गुरुजींनो, एक तास असा घ्या. चंद्रभागेकाठची काळी माती भिजवा, तडे जाऊ नयेत म्हणून पिंजलेला कापूस तीत मळा, आणि ज्याने त्याने आपल्या घरचे जनावर करावे. शिंग वाकडे झाले तर होऊ द्या. ते शिंग त्या पोराचे स्वतःचे असेल.