मिशन बंगल्याचा जमाखर्च

मराठवाड्यात मिशनरींचा विषय निघाला की बोलणे धर्मांतरावर जाते, नाहीतर शाळा-दवाखान्यांवर. दोन्ही विषय मोलाचेच आहेत. पण परमुलखात वीस-तीस वर्षे संसार करणाऱ्या या माणसांचे घर कशावर चालत होते, हे आपण फारसे विचारलेले नाही. मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोण करी? आजारी बायकोला मायदेशी धाडायचे तर बोटीचे भाडे कुठून येई? नवरा गेला तर विधवेने कुठे जायचे? या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांचे मी मनापासून स्वागत करतो, ते याच प्रश्नांपाशी. कोण टिकले, कोण परतले, कोणाची मुले आईबापांवाचून वाढली, याची उत्तरे प्रवचनांपेक्षा हिशेबात जास्त सापडतात, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणादाखल, मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बायकामुलांसह बंगालात उतरले आणि थोड्याच दिवसांत हातातला पैसा संपला. निळीच्या कारखान्यावर नोकरी धरावी लागली. १८०१ पासून ते फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले आणि तो पगार बहुतेक सगळा बंगालातल्या श्रीरामपूरच्या मिशनच्या सामाईक खात्यात जाऊ लागला. त्यांचे १८०५ चे मराठी व्याकरण त्याच नोकरीच्या काळातले.

आपल्याकडे अमेरिकन बोर्डाचे अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. या मिशनमधल्या ह्यूम घराण्याची कहाणी प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये मायदेशी जाताना वाटेतच, समुद्रावर वारले. पत्नी हॅना मुलांना घेऊन न्यू इंग्लंडला गेल्या. ज्या देशात मुले जन्मली तिथे आता त्यांचे घर नव्हते, आणि जिथे घर मांडायचे तिथे कमावता माणूस नव्हता. त्यांतला रॉबर्ट पुढे १८७४ मध्ये मिशनरी होऊन परतला आणि त्याने अहमदनगरला आयुष्य घालवले. भाऊ एडवर्डने मुंबईत शाळा चालवली. मधली वीस वर्षे त्या माउलीने कशी काढली, याचा शोध कोणी तरी घ्यायला हवा.

अशा मुलांसाठी मायदेशात वसतिगृहे निघाली. बॉस्टनजवळ ऑबर्नडेलला १८६८ मध्ये एलायझा वॉकर यांनी असे घर उघडले. त्या स्वतः तुर्कस्तानातल्या मिशनरीच्या विधवा होत्या. चर्च मिशनरी सोसायटीचे (सी.एम.एस.) मुलांचे वसतिगृह आधी लंडनच्या हायबरीत होते, मग लिम्प्सफील्डला गेले.

कोल्हापूरचे रॉयल वाइल्डर हे आणखी वेगळे उदाहरण. १८५२ मध्ये त्यांनी तिथे काम उभारले. पुढे अमेरिकन बोर्डाशी संबंध तुटला, तरी ते कोल्हापुरास परतले आणि प्रेस्बिटेरियन बोर्डाने १८७० मध्ये काम हाती घेईपर्यंत स्वतःच देणग्या मिळवून मिशन चालवत राहिले. घरात लहान मुले असताना हे चालले होते.

आता औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शहागंज बाजाराकडे वळू. औरंगाबादेत सी.एम.एस.चे काम होते. मूळचे पारशी असलेले रुत्तनजी नौरोजी यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. संस्था लंडनची, पैसा पौंडांत. पण हे निजामाचे राज्य. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया कलदार, निजामाचा हाली. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा-सतरा हाली असा दर पुढे स्थिरावला. म्हणजे लंडनहून निघालेला पैसा शहागंजच्या बाजारात ज्वारीच्या पोत्यापर्यंत पोहोचताना दोनदा मोडला जाई.

त्यात चांदीचा भाव घसरला आणि चांदीच्या रुपयाचाही. १८७२ च्या सुमारास रुपया दोन शिलिंगांच्या जवळपास होता, १८९४-९५ मध्ये जेमतेम तेरा पेन्सांवर आला. ज्या मिशनरीला निर्वाहवेतन पौंडांत मिळे, त्याच्या हातात जास्त रुपये पडू लागले. ज्याला ते रुपयांत मिळे, त्याने इंग्लंडातल्या मुलासाठी वर्षाला पन्नास पौंड धाडायचे म्हटले तर आधी पाचशेच्या थोडे वर रुपये लागत, तेच आता नऊशेच्या वर लागू लागले. पगाराचा आकडा तोच. १८९८-९९ नंतर सोळा पेन्सांचा दर पक्का झाला. तोवर एक पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

याच खात्यात हिंदी सहकाऱ्यांचे पान उघडले की मन अस्वस्थ होते. त्यांचे वेतन गोऱ्या मिशनरींच्या मानाने फार कमी, आणि संसार मात्र तितकाच खरा. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले आणि त्यासाठी परदेशापर्यंत प्रवास केला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतनच सोडले. त्या घरातली ओढाताण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. परदेशी कुटुंबाच्या अडचणी लिहिताना हे पान झाकून ठेवणारा अभ्यास मी तरी अपुरा मानतो.

साधने पुष्कळ आहेत. सी.एम.एस.चे दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात, अमेरिकन बोर्डाचे हार्वर्डमध्ये. १८४२ पासूनचे ‘ज्ञानोदय’ नियतकालिक आहे. संस्थांना गेलेल्या अहवालांत घरचा खर्च दबकत येतो, बायकांनी बहिणींना लिहिलेल्या पत्रांत तो मोकळेपणाने येतो. म्हणून पत्रे आधी वाचावीत. बाजाराची बाजू मात्र त्या दप्तरांत मिळणार नाही. त्यासाठी उर्दू आणि मोडी शिकून शहागंजातल्या जुन्या पेढ्यांवर, दुकानांत जावे, कोणाकडे हाली-कलदारच्या वह्या उरल्या आहेत का ते विचारावे, आणि कुणी दाखवल्या तर आधी पाद्रीसाहेबांच्या घरची उधारी शोधावी.

शहागंज, छत्रपती संभाजीनगर