शिक्क्याचा हात

आमच्या वडिलांचा कुलपावर फार विश्वास. तरीही लावलेलं कुलूप ते तीनदा ओढून बघायचे. तिसऱ्या ओढीला कोयंडा कुरकुरला की मगच आमची रिक्षा स्वारगेटच्या दिशेने हलायची. ते गेले त्या धावपळीत त्यांच्या ट्रंकेची किल्ली हरवली. फोडावं म्हणून मी हातोडी काढली, तर आई म्हणाली, "फोडायचं नाही. त्यांनी लावलंय ते." किल्लीवाल्याला बोलवायचं तर परका हात नको. उरलो मी. शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत, आणि हस्तकौशल्य म्हणाल तर शिक्के मारण्याचं.

बोहरी आळीतून तसलंच एक लिव्हरचं कुलूप सरावाला आणलं. (दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हा या छंदाचा पहिला नियम. बँकवाल्याने तर आपला हा छंद मॅनेजरच्या कानावरही जाऊ देऊ नये.) कुलपाच्या पोटात पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी आपापल्या ठरलेल्या उंचीवर उचलली गेली, की मधला खटका सरकतो. किल्ली हे काम एका फेऱ्यात करते. आपण एका तारेने खटक्यावर जरासा दाब ठेवायचा आणि दुसरीने पट्ट्या चाचपायच्या. कितीही चांगला कारागीर असला तरी सगळ्या पट्ट्या तंतोतंत सारख्या घडत नाहीत. त्यामुळे दाब दिला की त्यातली एखादीच आधी अडते. ती सोडवायची, मग पुढची अडते. दाब जास्त झाला की सगळ्याच घट्ट बसतात आणि बोटाला काही कळत नाही; कमी झाला की उचललेल्या खाली येतात.

माझा दाब अर्थातच जास्त. वीस वर्षं चलनांवर शिक्के हाणणारा हात तो! आठवड्याभरात तीन तारा मोडल्या. "अहो, ते कुलूप आहे, कर्जदार नव्हे," असं हिने ऐकवलं.

अशा वेळी माणूस थोरांची चरित्रं वाचतो. मी हॉब्जचं वाचलं. आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाला आला. तेव्हा चब यांचं 'डिटेक्टर' कुलूप म्हणजे इंग्रजांचा अभिमान. १८१८ सालापासूनचं ते कुलूप. एखादी पट्टी गरजेपेक्षा वर गेली की हे रुसून बसे, आणि मालकाला समजे की कुणीतरी हात लावला होता. हॉब्जने वेस्टमिन्स्टरमधल्या एका भक्कम खोलीच्या दारावरचं चबचं कुलूप साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं.  मग त्याने ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीतल्या कुलपाला हात घातला. ते उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी तिथे कित्येक वर्षं होती. त्यावर हॉब्ज १६ दिवसांत मिळून ५१ तास बसला आणि गिनी घेऊन गेला. एकावन्न तास! आमच्याकडे पासबुक भरून मिळायला अकरा मिनिटं लागली की गिऱ्हाईक वर तक्रार करतं.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून बघितली, आणि १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं करायला घेतली. पुढे टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. तेव्हा पुणेकराने तरी त्यांच्या कुलपाच्या किमतीवरून घासाघीस करू नये. करतो, ते सोडा.

हॉब्ज वाचून माझा हात सुधारला असं मात्र नाही. सुधारला तो कॅशवर बसलो त्या दिवशी. आमचे कॅशियर रजेवर होते. गड्डी मोजता मोजता एका नोटेवर बोट आपोआप थबकलं. नोट खोटी होती. डोळ्यांआधी बोटाला कळलं होतं. म्हणजे माझ्याकडे हलका हात होता, पण मी तो फक्त पैशाच्या कामाला वापरत होतो! त्या रात्री नोट मोजावी तशी पट्टी चाचपली आणि सरावाचं कुलूप उघडलं. चार महिन्यांनी एकदाचं.

वडिलांच्या कुलपाला पावणेदोन तास लागले. खटका सरकल्याचा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने झाकण उघडलं, वरचा राखाडी स्वेटर काढला, जरा वेळ मांडीवर धरला, घडी न मोडता परत ठेवला. खाली काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

"लाव आता," म्हणाली.

आता हे जुनं कुलूप किल्लीशिवाय लागतही नाही. सगळ्या पट्ट्या पुन्हा उचलायच्या, फक्त खटका उलटीकडे सारायचा. हॉब्जलाही साक्षीदारांनी चबचं कुलूप परत लावायला सांगितलं होतं. त्याने ते सात मिनिटांत लावलं.

माझी आज तिसरी रात्र. आई दर अर्ध्या तासाने येते आणि कुलूप ओढून बघते.