अभिनयाची पताका

अभिनयाचे पहिले ऑस्कर ज्या दोन भूमिकांसाठी दिले गेले, त्यांतली एक आज कोणालाच पूर्ण पाहता येत नाही. एमिल यानिंग्ज हा जर्मन नट त्या बक्षिसाचा पहिला मानकरी. चित्रपट दोन : ‘द लास्ट कमांड’ आणि ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’. यांतल्या दुसऱ्याच्या प्रती नष्ट झाल्या, काही तुकडे तेवढे उरले. बक्षीस राहिले, पण ज्यासाठी ते दिले त्यातला निम्मा अभिनय गेला. दरवर्षी जानेवारी ते मार्च या दिवसांत नामांकने जाहीर होतात, मित्रमंडळींत वाद झडतात आणि आपल्या आवडत्या नटाला डावलले म्हणून आपण हळहळतो, तेव्हा मला हटकून यानिंग्ज आठवतो. अभिनयाला बक्षीस द्यावे ही कल्पना माणसाला सुचली कधी, आणि ते देताना परीक्षक नेमके पाहत काय होते? याचे उत्तर शोधायचे तर आपल्याला हॉलिवुडच्या कितीतरी मागे, इसवी सनापूर्वी ४४९ च्या सुमाराच्या अथेन्समध्ये जावे लागते.

अक्रोपोलिसच्या उतारावर डायोनिसस देवाच्या उत्सवात शोकांतिकांच्या स्पर्धा होत. आरंभी बक्षीस असे ते कवीला, आणि बहुधा कवीच स्वतः नटही असे. पुढे ही दोन कामे वेगळी झाली. पाचव्या शतकाच्या मध्यावर नटासाठी स्वतंत्र बक्षीस सुरू झाले, आणि एक नवीच गोष्ट शक्य झाली : नाटक हरले तरी त्यातला नट जिंकू शकत होता. संहितेपासून अभिनय सोडवून त्याचे स्वतंत्र मोल करण्याचा हा पहिला क्षण. शंभर वर्षांत पारडे इतके फिरले की आता कवींपेक्षा नटांचेच वजन अधिक आहे, असे ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वावरच्या ग्रंथात नोंदवून ठेवले. मात्र एक गोष्ट आपण विसरता कामा नये. हे सारे नट मुखवटे घालत. हजारोंचा समुदाय उतारावर बसलेला, सर्वांत मागच्या प्रेक्षकाला नट दिसे तो बोटभर. तेव्हा बक्षीस मिळे ते आवाजाला, उभे राहण्याच्या ढबीला आणि दूरवर पोचणाऱ्या हालचालीला. जगातल्या पहिल्या अभिनय-पुरस्काराच्या परीक्षकांनी नटाचा चेहरा पाहिलेलाच नव्हता.

आपल्याकडे याच विषयाचा विचार भरताच्या नाट्यशास्त्रात झाला, आणि तो पाहून मी दरवेळी थक्क होतो. या ग्रंथाचा काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक ते इसवी सनाचे दुसरे शतक असा धरतात. त्याचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी, म्हणजे आजच्या भाषेत यशापयशाविषयी आहे. नटसंचांमध्ये चुरस लागली तर निवाडा करायला भरताने ‘प्राश्निक’ नेमले, आणि ते कोण असावेत हेही सांगितले : यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंदांचा जाणकार, वैयाकरणी, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक. प्रत्येकाने आपापल्या प्रांतापुरते बोलायचे. धनुष्य ओढताना नट उभा कसा राहिला ते धनुर्धर सांगेल, शृंगार खरा वाटला का ते गणिका सांगेल, वेष आणि रंग साधले का ते चित्रकार पाहील, राजाचे वागणे राजासारखे होते का ते राजसेवक ठरवील. एकाच माणसाला सगळे कळते असा दावा भरत करीत नाही. दोष मोजून लिहून ठेवायचे आणि सरस ठरेल त्याला पताका द्यायची.

याच अध्यायात भरताने सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तिथे आहे. मानुषी सिद्धी म्हणजे प्रेक्षकांचे हसणे, ‘वाहवा’ करणे, हळहळणे, अंगावर रोमांच येणे, जागेवरून उठणे, इतकेच काय पण अंगावरचे वस्त्र आणि बोटातली अंगठी नटाकडे फेकणे. दुसरी दैवी सिद्धी. प्रेक्षागृह भरलेले आहे, पण आवाज नाही, चुळबूळ नाही, गडबड नाही. टाळीच्या वर भरताने शांततेला बसवले.

मराठी रंगभूमीचा मागोवा घेतला तर मानुषी सिद्धीचीच थोर परंपरा दिसते. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. तिथून पुढे संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळापर्यंत नटाचे बक्षीस त्याच रात्री, त्याच जागी मिळे. तमाशाच्या फडात दौलतजादा, संगीत नाटकात ‘वन्समोअर’. भरताच्या काळी फेकलेली अंगठी दौलतजादा होऊन आपल्या फडापर्यंत आली, असे मला वाटते. लोकांनी पद पुन्हा मागितले की नट ते पुन्हा गाई, आणि कोणाला किती वन्समोअर मिळाले याचे हिशेब रसिक वर्षानुवर्षे तोंडी ठेवत. बालगंधर्वांइतके हे प्रेम क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. पण तेच बालगंधर्व १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले, तेव्हा ती जादू तिथे उतरली नाही. वन्समोअरला कॅमेरा जागा देत नाही. नट आणि समोरचा प्रेक्षक यांच्यात जो प्रवाह खेळतो, तो तिथे तुटलेला असतो. नाटकात स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस मात्र १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’मध्ये कॅमेऱ्यासमोर नुसते असल्यासारखे वावरले. त्या चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

पडद्यावरच्या अभिनयाचे हे वेगळेपण कळायला जगाला वेळ लागला. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. चारच वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी केल्या. रंगमंचावर हे घडणे अशक्य, फिल्मच्या तुकड्यांत सहज शक्य. तिकडे रशियात लेव्ह कुलेशोव्हने मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक दिसली, दुःखही दिसले. म्हणजे पडद्यावरचा अभिनय नट, छायालेखक आणि संकलक मिळून घडवतात, आणि उरलेला भाग प्रेक्षक आपल्या मनाने पुरा करतो. मग बक्षीस कोणाच्या हाती द्यायचे? १९२९ मध्ये ऑस्करचे बक्षीस जन्माला आले ते हा प्रश्न न विचारता, अथेन्सचीच दृष्टी घेऊन.

१६ मे १९२९ ची ती रात्र. हॉलिवुडमधल्या रूझवेल्ट हॉटेलात २७० च्या आसपास माणसे जेवायला जमली. तिकीट पाच डॉलर. बक्षिसे वाटायला पंधरा मिनिटे लागली, कारण निकाल तीन महिने आधीच जाहीर झाले होते. यानिंग्ज तर मायदेशी परतायच्या घाईत होता, त्याला त्याची मूर्ती आधीच देऊन टाकली होती. बोलपट आले होते आणि त्याच्या जर्मन उच्चारांना तिथे जागा उरली नव्हती. जेनेट गेनर या अभिनेत्रीला बक्षीस मिळाले ते तीन भूमिकांना मिळून एक. आपण आज ‘सर्वोत्कृष्ट भूमिका’ म्हणतो, पण आरंभी मोजला जात होता तो वर्षभराचा कस. ही पद्धत लवकरच बदलली, आणि नंतरचे बदल बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या तक्रारीतून झाले. दुसऱ्या वर्षी मेरी पिकफर्डला बक्षीस मिळाले. निवाडा करणारे परीक्षक मोजके होते आणि तिने त्यांना आपल्या घरी चहाला बोलावले होते. त्यावर इतकी कुजबुज झाली की पुढे मतदान अकादमीच्या सर्व सभासदांकडे गेले. १९३४ च्या ‘ऑफ ह्यूमन बॉन्डेज’साठी बेटी डेव्हिसला नामांकन मिळाले नाही तेव्हा असा गदारोळ उठला की यादीत नसलेले नावही मतपत्रिकेवर लिहायची मुभा द्यावी लागली. जिंकली क्लॉडेट कोल्बेर, पण मतमोजणी बाहेरच्या हिशेबनिसांकडे सोपवली गेली ती तेव्हापासून. सहायक भूमिकांची बक्षिसे १९३६ च्या चित्रपटांपासून आली, आणि त्यांना कित्येक वर्षे मूर्तीऐवजी पाटीच दिली जाई. १९४० मध्ये हॅटी मॅकडॅनियलला ती मिळाली तेव्हा, कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या एका हॉटेलात, तिला आपल्या सहकलाकारांपासून दूर वेगळ्या टेबलावर बसवले होते. हा प्रसंग वाचताना माझा हात आजही थांबतो.

मुंबईत २१ मार्च १९५४ रोजी मेट्रो चित्रपटगृहात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. टाइम्सच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ त्यांना आधी ‘क्लेअर्स’ म्हणत. बक्षिसे पाचच. दिलीपकुमार ‘दाग’साठी आणि मीनाकुमारी ‘बैजू बावरा’साठी. हात उंचावून उभी असलेली ती मूर्ती घडवली शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी. म्हणजे हिंदी चित्रपटातला प्रत्येक नट गेली सत्तर वर्षे ज्या बाहुलीची आस धरून आहे, ती एका मराठी हातातून उतरली आहे. थोड्याच वर्षांत ‘देवदास’मधल्या चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालाला सहायक अभिनेत्रीचे बक्षीस जाहीर झाले आणि तिने ते नाकारले. आपली भूमिका पारोइतकीच मोठी आहे, असे तिचे म्हणणे होते. मला ते पूर्ण पटते.

त्याच १९५४ मध्ये सरकारने चित्रपटांना पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पण अभिनयासाठी बक्षीसच नव्हते, त्यामुळे ज्या आईने महाराष्ट्र रडवला, त्या वनमालाबाईंच्या हाती त्या पदकातले काही आले नाही. नटनटींना राष्ट्रीय बक्षीस मिळायला १९६७ चे चित्रपट यावे लागले. उत्तमकुमार आणि नर्गिस हे पहिले मानकरी, आणि त्या बक्षिसांची नावे होती ‘भरत’ आणि ‘उर्वशी’. पताका देणारा भरत असा दोन हजार वर्षांनी परत आला. उर्वशीचे नाव मात्र मला अधिक अर्थपूर्ण वाटते. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’मध्ये ती स्वर्गात भरताच्याच नाटकात लक्ष्मीची भूमिका करीत असते. ‘पुरुषोत्तम’ म्हणायच्या जागी तिच्या तोंडून ‘पुरूरवा’ निघून जाते, कारण मन तिथे गुंतलेले, आणि भरतमुनी तिला शाप देतात. मनातले खरे ओठांवर आले, म्हणून जी नटी शापित झाली, तिच्या नावाने श्रेष्ठ अभिनेत्रीचा सन्मान! पुढे ही दोन्ही नावे मागे पडली, याची मला फार चुटपुट आहे.

या नावांना साजेशी अभिनेत्री आपल्याला दहा वर्षांनी मिळाली. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी स्मिता पाटील. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी केलेल्या ‘भूमिका’साठी तिला १९७७ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तिची उमर बाविशीच्या आसपास. त्यातल्या चित्रीकरणाच्या प्रसंगांत ती ठसक्याने, नाटकी ढंगाने नाचते, बोलते. दिवे मालवले की त्याच चेहऱ्यावरून सारे उतरते आणि नुसते डोळे उरतात. जुना अभिनय आणि नवा अभिनय एकाच बाईत शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असतील, तर ‘भूमिका’सारखे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे हा मान एका मराठी नटाकडेही आला : २०१२ च्या चित्रपटांसाठी ‘अनुमती’तल्या विक्रम गोखले यांना इरफान खानबरोबर विभागून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. गोखले हे त्याच कमलाबाईंचे नातू.

मधल्या काळात हॉलिवुडमध्ये बक्षिसाचा मोसमच एक व्यवसाय होऊन बसला. १९६१ मध्ये ‘द अलामो’साठी चिल विल्स या नटाने धंद्याच्या वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन मते मागितली आणि तो हरला. १९९० नंतर निर्मात्यांनी हीच वाट राजमार्ग केली. त्याची झळ आपल्यालाही लागली. ‘श्वास’ हा मराठी चित्रपट २००४ मध्ये भारताकडून ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचाराला लागणारे पैसे महाराष्ट्रातल्या लोकांनी वर्गणी काढून उभे केले. नामांकन मिळाले नाही. २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियम केला की अंतिम मतदान करणाऱ्या सभासदाने त्या विभागातले सारे चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. भरताच्या प्राश्निकांनी प्रयोगासमोर बसूनच निवाडा करायचा होता.

‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, छोट्या अश्विन चितळेला बालकलाकाराचा. आजोबा झालेल्या अरुण नलावडे यांना अभिनयाचा मिळाला नाही. मी तो चित्रपट भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला. शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी कायमची जाणार, म्हणून आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि शहर दाखवून आणतात. नलावडे त्या प्रसंगात काहीच ‘करीत’ नाहीत. ते नातवाकडे पाहत राहतात, मान थोडी कलती, ओठ मिटलेले. माझ्या शेजारी एक गृहस्थ मघापासून शेंगदाण्याची पुडी वाजवत होते. ते थांबले. मग पुढची रांग, मग मागची. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हुंदका दिला नाही, आणि दिवे लागल्यावरही लोक बराच वेळ जागचे हलले नाहीत.